गोयाच्या आधी कालो

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला स्पॅनिश चित्रकार गोयावरचा लेख आवडला, पण 'युद्धाचा खरा चेहरा छापचित्रांत पहिल्यांदा गोयाने दाखवला' हे काही पटलं नाही, म्हणून लिहितोय. गोयाने ती चित्रं १८१० च्या सुमारास करायला घेतली, आणि लॉरेनमधल्या (आताच्या फ्रान्सचा ईशान्य भाग) जाक कालो या चित्रकाराची युद्धाच्या हालअपेष्टांवरची १८ एचिंग्जची (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून केलेल्या छापचित्रांची) मालिका १६३३ लाच पॅरिसमध्ये छापून आली होती, म्हणजे पावणेदोनशे वर्षं आधी! तेव्हा युरोपात 'तीस वर्षांचं युद्ध' चालू होतं आणि त्याच वर्षी फ्रेंच फौजेने कालोचं गाव नान्सी ताब्यात घेतलं.

चित्रं केवढी, तर जेमतेम ८ सेंमी उंच आणि १९ सेंमीच्या आसपास रुंद. लांबून मुंग्यांची रांग वाटते, डोळ्याजवळ नेलं की कळतं घर लुटतायत, गाव जळतंय. सगळ्यात गाजलेलं चित्र फाशीच्या झाडाचं, फांद्यांना माणसं लटकलीयत, शिडीवरच्याला पाद्री क्रूस दाखवतोय आणि खाली काहीजण ढोलावर फासे टाकून जुगार खेळतायत. बघणाऱ्याला वाटतं हे बिचारे शेतकरी असणार, पण नाही, लुटालूट करणारे सैनिकच आहेत ते, चित्राखालच्या ओळींत त्यांना झाडाला लागलेली अभागी फळं म्हटलंय. शेतकरी मालिकेत नंतर येतात, सैनिकांना गाठून बदडून मारताना, तेही तितक्याच थंडपणे काढलंय.

आता कालो युद्धविरोधी होता का, तर मला तसं वाटत नाही. नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहराला पडलेल्या वेढ्याचं भलंमोठं चित्र त्यानेच ऑर्डरवर केलंय, आणि या मालिकेचा शेवटही राजा चांगल्या सैनिकांना बक्षिसं वाटतोय असा आहे. पण मधल्या एका चित्रात लुळेपांगळे झालेले सैनिक हॉस्पिटलच्या अंगणात कुबड्यांवर खुरडतायत, ते बघितल्यावर त्या बक्षिसांचं काही वाटत नाही.

गोया थेट अंगावर येतो, 'मी हे पाहिलं' असं चित्राखाली लिहितो, ते वेगळंच. पण त्याची मालिका छापली गेली १८६३ मध्ये, तो जाऊन ३५ वर्षं झाल्यावर, तर कालोची लोकांनी त्याच काळात विकत घेतली.

आणि एक, लेखासोबत चित्रं अगदी पोस्टाच्या तिकिटाएवढी छापली होती. कधी कालोवर काही आलं तर फाशीचं झाड मूळ मापातच छापा, चार-पाच कॉलमात आरामात बसेल.

एक वाचक