मोटर एकरावर नव्हे, पाण्याच्या खोलीवर ठरवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शेतीपंपासाठी राज्य सरकारच्या दोन मोठ्या योजना सध्या चालू आहेत. एक, 2024 मध्ये आलेली बळीराजा मोफत वीज योजना. दुसरी, ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. दोन्हींत साडेसात एचपीच्या (अश्वशक्तीच्या) वरच्या मोटरीला सवलत नाही. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात ही रेघ शेतकऱ्याच्या मुळावर येते. मी फैजपूर भागात मोटर वाइंडिंगचे काम करतो, बोअरमध्ये पाण्याखाली चालणाऱ्या सबमर्सिबल मोटरी जळाल्या की त्यांत नवी तार भरतो. बोअरच्या तळाला काय चालले आहे ते माझ्या टेबलावर रोज उघडे होते, म्हणून हे पत्र.

आधी हिशेब मांडतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, वारा तापतो, केळीची पाने चिरफाळतात. त्या दिवसांत ठिबकवर असलेल्या एका झाडाला दिवसाला वीसेक लिटर पाणी द्यावे लागते. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या एकरात सतराशेच्या वर झाडे बसतात. म्हणजे एकराला साधारण 35 हजार लिटर आणि चार एकरांना 1 लाख 40 हजार. वीज मिळते आठ तास. एवढे पाणी आठ तासांत काढायचे तर सेकंदाला पाचेक लिटर उपसा हवा. पाणी 100 फुटांवर असेल तर साडेतीन-चार एचपीत काम भागते, पाचची मोटर लावली की निश्चिंत. तेच पाणी 300 फुटांवरून ओढायचे तर ताकद तिप्पट लागते, आणि दहाच्या खाली मोटर नेताच येत नाही.

आता सौरपंपाचा नियम पाहा. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, अडीच ते पाच एकरांना 5 एचपी, पाच एकरांच्या वर साडेसात. माझ्या चार एकरवाल्या गिऱ्हाइकाला पाचचा पंप मंजूर होतो. त्याच्या शेताची रुंदी-लांबी सरकारने मोजली, पाणी किती खोल आहे ते मोजलेच नाही. साक्रीकडे किंवा नवापूरकडे जिथे विहिरीला वर पाणी आहे, तिथे हेच सौरपंप उत्तम चालतात. सकाळी ऊन पडले की पाणी सुरू, बिल नाही, रात्रीची कटकट नाही. मी स्वतः लोकांना घ्यायला सांगतो. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या पट्ट्यात बोअर दरवर्षी खाली जातात. जुना माणूस सांगतो की त्याच्या वेळी विहिरीवर मोट चालायची. त्याच शेतात आज नातू मोटर आणखी खोल सोडायला आणखी एक कॉलम पाइप जोडतो आहे.

या रेघेपायी आणखी एक वाईट गोष्ट घडते, आणि तिची मला जास्त काळजी वाटते. मोटरीच्या अंगावर एक पत्र्याची पाटी असते, तिच्यावर एचपी, व्होल्ट, अँपिअर कोरलेले असतात. मोफत वीज साडेसातपर्यंत म्हटल्यावर दहाच्या मोटरीला साडेसातची पाटी लावून द्या, असे म्हणणारे लोक दुकानात येऊ लागले. मी पाटी बदलून देत नाही. पण कुठेतरी ती बदलली जाते, कारण अशा मोटरी पुढे जळून माझ्याकडेच येतात. बाहेर पाटी साडेसातची, आणि उघडली की आत स्टॅम्पिंगची, म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या गाभ्याची, लांबी आणि तारेची जाडी दहाची. या माणसाला मी चोर म्हणणार नाही. केळीचा घड निसवायला लागला असताना पाणी तुटले तर वर्ष जाते, आणि त्याच्याच बांधापलीकडचा साडेसातवाला बिल भरत नाही हे त्याला दिसते.

त्याची किंमत मात्र त्या डीपीवरचे, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळेच भोगतात. कागदावर एका ट्रान्सफॉर्मरवर दहा मोटरी साडेसातच्या, म्हणजे 75 एचपी. त्यातल्या सहा खऱ्या दहाच्या असतील तर प्रत्यक्ष भार 90. वीज आली की ऑटोवर ठेवलेल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात. व्होल्टेज 415 वरून साडेतीनशेच्या खाली बसते. कमी व्होल्टेजवर मोटर जास्त अँपिअर ओढते, वाइंडिंग तापते, इन्सुलेशन वितळते. आधी ज्याची केबल जुनी त्याची मोटर जाते, मग दुसऱ्याची, आणि मेच्या मध्यावर डीपीच जळते. डीपी बदलून येईपर्यंत बागा वाळतात. ज्या पोराने प्रामाणिकपणे साडेसातचीच मोटर ठेवली, त्याचीही बाग यात जाते. गेल्या उन्हाळ्यात असा एक जण जळालेली मोटर खांद्यावर घेऊन दुकानात आला होता. भरायला किती लागेल हे त्याने विचारलेच नाही, फक्त कधी मिळेल एवढेच विचारले.

हे सारे देशाच्या वीजधोरणाशी जोडून पाहावे, अशी माझी विनंती आहे. देशाच्या स्थापित वीजक्षमतेत कोळसा, गॅस, डिझेल सोडून इतर स्रोतांचा वाटा निम्मा झाल्याचे केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये जाहीर केले. 2030 चे उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले, ही अभिमानाचीच बाब आहे. पण क्षमता निम्मी म्हणजे वीज निम्मी नव्हे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या वर आहे. खान्देशातल्या माणसाला हे समजायला लांब जावे लागत नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला 2013 मध्ये महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौरप्रकल्प झाला, तो सूर्य मावळला की थांबतो. ब्राह्मणवेलच्या माळावरच्या पवनचक्क्या वारा असेल तेव्हाच फिरतात. भुसावळजवळ दीपनगरचे पाचशे-पाचशे मेगावॅटचे संच मात्र रात्रभर कोळसा जाळतात आणि हतनूरचे पाणी पितात. शेजारी 660 मेगावॅटचा नवा संचही उभा केला आहे.

दुपारी देशात सौर वीज मुबलक होते, सांजवेळी मागणी चढते तेव्हा ती नसते. म्हणून तर केंद्राने 2023 मध्ये ग्राहक हक्क नियम बदलून दिवसाच्या सौर तासांत वीज स्वस्त आणि सायंकाळच्या कमाल मागणीच्या तासांत महाग असे दर ठरवायला सांगितले. आधी कारखाने आणि व्यापारी, मग बाकीचे ग्राहक. त्यातून शेती वगळली. शेतीला वाढीव दर नको हे बरोबरच आहे. पण दिवसा वीज उरते आणि ती खपवण्यासाठी कारखान्याला सवलत द्यावी लागते, तर राज्यातला सर्वांत मोठा दिवसा चालवता येण्याजोगा भार, म्हणजे शेतीपंप, पाळीपाळीने रात्री का चालवायचा? रात्री चालणारी प्रत्येक दहाची मोटर दीपनगरचा कोळसा जाळते. दिवसा चालली तर साक्रीचे ऊन वापरते. शिवाय रात्री पाणी धरायला गेलेल्या माणसाला आमच्याकडे सापाची आणि आता बिबट्याचीही भीती आहे. बायका रात्रभर दाराकडे डोळे लावून बसतात.

यावर उपाय सरकारच्याच हाती आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौरप्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतीपंपांकडे जाणाऱ्या वाहिनीला, दिवसा वीज द्यायची आहे. ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. यात शेतकऱ्याची मोटर तीच राहते, दहाची असो की बाराची, फक्त वीज दिवसा येते. खोल पाण्याच्या तालुक्यांना व्यक्तिगत सौरपंपापेक्षा हीच योजना बसते. नवी जोडणी मागणाऱ्याला सगळीकडे एकच सौरपंप पुढे करण्याऐवजी यावल, रावेर, चोपडा, मुक्ताईनगर इथले फीडर आधी सौर करावेत. जागेचा प्रश्न येईल. ती जागा घेताना विखरणची आठवण ठेवावी. वीजप्रकल्पाला गेलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून त्या गावच्या वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि आपला जीव दिला. नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के, पण त्यासाठी धडगाव-अक्कलकुव्याची 33 गावे बाधित झाली. खान्देशाने विजेसाठी द्यायचे ते दिले आहे.

कोणी म्हणेल, मोठ्या मोटरीला सवलत दिली तर लोक आणखी पाणी उपसतील. आक्षेप खरा आहे, आणि पाणी उतरताना मी जवळून पाहिले असल्याने तो मला टोचतो. म्हणून सवलत सरसकट नको. जिथे भूजल खाली आहे, बाग ठिबकवर आहे आणि शेतकऱ्याने बोअरचे पुनर्भरण केले आहे, तिथेच दहापर्यंत मर्यादा वाढवावी. तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण प्रकल्पाचा मध्य प्रदेशाशी मे 2025 मध्ये करार झाला. ते पाणी जमिनीत मुरून बोअरला यायला वेळ लागेल, तोवर केळी थांबणार नाही.

येत्या मे महिन्यात आमच्या तालुक्यातल्या शेती फीडरवर प्रत्यक्ष चालणारा भार मोजावा आणि मंजूर भाराशेजारी लिहून तो जाहीर करावा. ज्याची मोटर मोठी निघेल त्याच्यावर दंड न लावता जोडभार नियमित करून द्यावा, आणि डीपी त्या खऱ्या आकड्याप्रमाणे बसवावी. आमचे आमदार-खासदार हे पत्र वाचत असतील तर विधिमंडळात त्यांनी एवढाच प्रश्न विचारावा, की पंपाची एचपी ठरवताना पाण्याची खोली का मोजली जात नाही.

आपला,
एक मोटर वाइंडिंग कारागीर,
फैजपूर परिसर, ता. यावल, जि. जळगाव