व्हीलचेअर घेतली, म्हणून

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर व्हीलचेअरचा विषय निघाला तेव्हा बाबा, तुम्ही गप्पच झालात. मग एवढंच विचारलंत, "व्यायाम सोडलास का?" सोडलेला नाही. पण बाकीचं फोनवर सांगता येईना, म्हणून लिहितेय.

"जोर लाव, पाय सरळ टाक" हे ऐकतच मी वाढले. पण जोर कमी पडत होता असं नव्हतंच. मला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे जन्माच्या सुमारास मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडलाय. तुम्ही गुडघा वाकवता तेव्हा मांडीचा मागचा स्नायू आवळतो आणि पुढचा आपसूक सैल पडतो. माझे दोन्ही एकदम आवळतात. जितका जोर लावावा तितका पाय ताठतो, टाच उचलली जाते, गुडघे एकमेकांवर घासतात. कुणी घाई केली, थंडी पडली, की आणखीच.

परवा फिजिओथेरपिस्टनं एक गंमत दाखवली. खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, टाच टेकलेलीच ठेव, फक्त पाऊल वर उचल. नाही जमलं, बोटं तेवढी आत वळली. मग मांडीवर हात दाबून धरला आणि म्हणाली, आता गुडघा वर घे. घेतला, तर पाऊल आपोआप वर आलं! म्हणजे स्नायू शाबूत आहे, पायातली नसही शाबूत आहे. मेंदूचा हुकूम एकट्या पावलाला पोचत नाही, सगळ्या पायाला मिळूनच पोचतो. निश्चयानं हे सुटत नाही. सरावानं थोडं सैलावतं, इतकंच.

आई, ग्रहणात तू भाजी चिरलीस म्हणून असं झालं, हे आजी म्हणायची आणि तू मुकाट ऐकून घ्यायचीस. मी सातव्या महिन्यात जन्मले. तेव्हा मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांभोवतीचा भाग फार नाजूक असतो, रक्तपुरवठा जरा कमी पडला तरी तिथे इजा होते. पायांकडे जाणारे मज्जातंतू नेमके त्या पोकळ्यांना खेटून जातात, हातांचे थोडे लांबून. म्हणून माझे पाय असे, आणि हात मात्र तुझ्यासारखे लाडू वळतात. विळीचा यात काही संबंध नाही.

ती इजा वाढत नाही, पण शरीर झिजतंच. चालायला मला इतरांच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते. तिशीनंतर आमच्यातल्या अनेकांचं चालणं कमी होतं. मेट्रोतून उतरून ऑफिसात पोचेपर्यंतच मी गळून जायची, मग दिवसभर हिशेब तपासायला डोकं कुठून आणू? आता तेवढा रस्ता खुर्चीतून, ऑफिसात आणि घरात काठी घेऊन. संध्याकाळी व्यायामाला अंगात त्राण उरतं. आणि बाबा, वजनं उचलली तर ताठरपणा वाढेल असं पूर्वी सांगायचे ना? आता तसं मानत नाहीत. मी पायाला वजनं बांधूनच व्यायाम करते. पोटरीत बोटॉक्सही, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, घेतलं. त्याचा असर साधारण तीन महिने टिकतो, तेवढ्यात स्नायू ताणून घ्यायचे.

मूळपेशींच्या (स्टेम सेल) उपचारांच्या जाहिरातीचं कात्रण मिळालं. कृपा करून त्यात पैसे घालू नका. रक्ताचे काही आजार सोडले तर ते उपचार संशोधनापुरतेच आहेत, असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमावलीतच लिहिलंय.

दिवाळीला खुर्ची घेऊनच येतेय. दारातली पायरी सहा इंचांची असेल, तर तिला सहा फूट लांब उतार लागतो. गवंडी म्हणेल तीन फुटांत भागेल. त्याचं ऐकू नका. वरचा गिलावा खरबरीत ठेवायला सांगा, आणि तुळशीवृंदावन आड येत असेल तर आईला विचारल्याशिवाय हलवू नका.

तुमची,
मनू