बेथोव्हेनविषयी, चि. रेवास

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

इतक्या तिरसट आणि संशयी माणसाच्या संगीताला एवढे थोर का मानायचे, हा जर्मन संगीतकार बेथोव्हेनविषयीचा तुझा प्रश्न रास्त आहे. फोनवर घाईघाईत उत्तर देण्यापेक्षा सविस्तर लिहावे असे वाटले.

ऑक्टोबर 1802 मध्ये, वयाच्या 31व्या वर्षी, व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट येथे त्याने भावांना उद्देशून एक पत्र लिहिले, जे त्याने कधीच पाठवले नाही आणि जे त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडले. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दुरून बासरी ऐकू येते आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही, अशा प्रसंगांनी जीव नकोसा झाला होता, केवळ कलेने मागे खेचले, असे तो त्यात सांगतो. ज्याच्याकडून तीक्ष्ण कानाची अपेक्षा, त्याने चारचौघांत ‘मोठ्याने बोला, मी बहिरा आहे’ असे कसे म्हणावे? लोकांना जो माणूसघाणेपणा वाटला, त्यात या लपवालपवीचा वाटा मोठा होता.

तरीही सगळे खापर बहिरेपणावर फोडून त्याला मोकळे करणे मला पटत नाही. भाऊ 1815 मध्ये वारल्यावर पुतण्या कार्लच्या ताब्यासाठी तो भावजयीशी कित्येक वर्षे कोर्टात भांडला, आणि त्या मुलाला मायेपोटी इतके जखडून ठेवले की 1826 मध्ये कार्लने स्वतःवर गोळी झाडून घेतली. सुदैवाने तो वाचला.

नवव्या सिंफनीच्या (मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या रचनेच्या) पहिल्या प्रयोगाची, 7 मे 1824 ची हकिगत तुला ठाऊक असेलच: टाळ्या ऐकू न आल्याने पाठमोऱ्या उभ्या बेथोव्हेनला गायिका कारोलिन उंगर हिने श्रोत्यांकडे वळवले. त्या सिंफनीतील आनंदगीताची धून आज युरोपीय संघाचे अधिकृत गीत आहे. मला मात्र त्याचे खरे संचित अखेरच्या तंतुवाद्य-चौकडींत, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनांत, दिसते. त्यांतील ओपस 131 (म्हणजे रचना क्रमांक 131) तू आधी ऐक. पहिले व्हायोलिन एकटेच संथपणे सुरुवात करते, मग उरलेली तिघे एकेक करून तेच सूत्र उचलतात, आणि पुढे सात भाग कुठेही न थांबता एकमेकांत मिसळत जातात. एकही स्वर कानाने पारखता येत नसताना त्याने हे रचले, तेही कार्लने स्वतःवर गोळी झाडली त्याच वर्षी. आणि कार्लला आपल्या पलटणीत घेणाऱ्या श्टुटरहाइम या सेनाधिकाऱ्याला ही चौकडी त्याने कृतज्ञतेने अर्पण केली.

तुझा,
बाबा