तलंगा मिळाल्या, जाळीचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परसातल्या कोंबडीपालनावर आलेला लेख वाचला. गावठी अंड्याचा भाव, लसीकरणाचे वेळापत्रक, महिन्याकाठी सुटणारे पैसे, सगळे नीट मांडले आहे. उंदीर हा शब्द मात्र अख्ख्या लेखात एकदाही आलेला नाही. सोबतच्या छायाचित्रात खुराड्यासमोर दाण्याने भरलेली परात आहे आणि मागे दिवेलागणीचा उजेड. लेखकाला त्या परातीत कोंबड्यांचा आहार दिसला असेल, मला उंदरांची पंगत दिसली. म्हणून हे पत्र.

मी लांजा तालुक्यातली. चार वर्षांपूर्वी एकात्मिक कुक्कुट विकास योजनेतून ५० टक्के अनुदानावर तलंगांचा, म्हणजे बऱ्यापैकी वाढलेल्या पिल्लांचा, गट घेतला: २५ माद्या, ३ नर. त्याआधी सासूबाईंच्या आठ-दहा गावठी कोंबड्या होत्याच. त्या रात्री पडवीच्या माचावर बसायच्या, खुराडे असे नव्हतेच. एकदम अठ्ठावीसची भर पडल्यावर मांगराच्या भिंतीला लागून चिऱ्यांचे खुराडे बांधले आणि समोर षटकोनी भोकांची नेहमीची कोंबडीजाळी ठोकली. पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास एका खुडूक कोंबडीखालची अकरा पिल्ले चार रात्रींत सहावर आली.

पहिला संशय मुंगसावर. पण मुंगूस दिवसाढवळ्या फिरणारे जनावर, ते रात्री येत नाही. रानमांजर असते तर पिसे पडली असती, कोंबड्यांनी कालवा केला असता. इथे ना आवाज, ना पीस. सकाळी डालगे उचलावे तर एक-दोन पिल्ले कमी, एवढेच. मग एका कोंबडीच्या पायाची बोटे कुरतडलेली दिसली. कोंबडीला अंधारात दिसत नाही. ती बसल्या जागेवरून हलत नाही आणि उंदीर तिचे पाय कुरतडून जातो. शेवटी खुराड्यामागचा सरपणाचा ढीग हलवला, तेव्हा खाली ताज्या मातीचा उकर आणि मनगट जाईल एवढे बीळ. घूस. बिळाच्या तोंडाशी दोन पिल्लांचे पाय आणि एक फुटके अंडे. त्यानंतर आठवडाभर मला डालगे उचलायचे धाडस होत नव्हते.

दिवाळीतच हे का झाले, ते पुढे कळले. भात उभे असते तोवर घुशी बांधावर असतात, लोंब्या ओढून बिळात साठवतात. कापणी झाली, खळी उरकली की शेतात खायला उरत नाही आणि त्या घराकडे सरकतात. घराकडे आम्ही त्यांच्यासाठी काय मांडून ठेवले होते ते ऐका.

मी हिशेबाची वही ठेवते. कोंबड्या दिवसभर परसात चरतात, म्हणून वरचा दाणा डोकी ५० ग्रॅम धरलेला. तेव्हा एकूण अठ्ठावीस कोंबड्या, त्यांना दिवसाला १.४ किलो. म्हणजे ५० किलोचे पोते पस्तीस दिवस जायला हवे. ते पंचविसाव्या दिवशी संपत होते. दिवसाला ६०० ग्रॅम दाणा जात होता कुठे? मोठा उंदीर दिवसाला साधारण २५ ग्रॅम खातो. करा भागाकार. चोवीस उंदीर मी पगारी ठेवल्यासारखे पोसत होते. खाण्यापेक्षा ते नासवतात जास्त, तेव्हा खरा आकडा चोविसाहून कमी असेल, पण समाधान मानण्यासारखे त्यात काही नाही. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, म्हणजे कोंबडीचे अंडे उबायला लागतात तेवढ्याच दिवसांत. फरक इतकाच की कोंबडी वर्षातून मोजक्या वेळा खुडूक बसते आणि उंदरीण पोटभर खायला मिळाले की थांबत नाही.

यानंतर मी जे केले ते सगळेच करतात. विष आणले. काळपट भुकटीची पुडी, लसणासारखा वास: झिंक फॉस्फाइड. दुकानदाराने पैसे घेतले, वापरायचे कसे ते सांगितले नाही. उंदीर नवे खाणे आधी चाखून बघतो. थोडे खाऊन पोटात दुखले आणि तो वाचला, तर पुन्हा त्या वाटेला जात नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस तेल लावलेली साधी कणी ठेवून त्याला सवय लावायची आणि मग विषाची ठेवायची, हे मला वर्षाने समजले. माझ्या पुडीत एक उंदीर मेला, बाकीचे शहाणे झाले.

मग ब्रोमाडिओलोनच्या वड्या आणल्या. त्यांनी रक्त गोठायचे थांबते, उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो. त्या चार-पाच दिवसांत तो सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि कुणाच्याही तोंडी सहज लागतो. आमच्या मांगराच्या आढ्यावर गव्हाणी घुबडांची जोडी असायची. वड्या ठेवल्यानंतर दहाएक दिवसांनी त्यातले एक मांगरामागे मरून पडलेले मिळाले. तपासणी कुणी केली नाही, त्यामुळे विषानेच गेले असे छातीठोकपणे म्हणत नाही. पण रोज रात्री फुकटात उंदीर मारणारा पक्षी मी पैसे मोजून घालवला असेल, ही रुखरुख आहे. शिवाय कोंबडीही लहान उंदीर दिसला की टोचून गिळते, हे कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही विचारा. विषाची वडी खुराड्याजवळ ठेवणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. धान्यात ठेवायच्या गोळ्या बिळात टाकण्याचा सल्लाही मला एकाने दिला. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणसाचाही जीव घेतो. घराला लागून असलेल्या खुराड्यात असले धाडस कुणी करू नये.

उपाय सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. "रातचा दाना भाईर ठेवतंस, मग उंदीर येनार न्हाय तर काय पावनं येनार?" मी मनावर घेतले नाही, कारण परात रात्रभर भरलेली ठेवावी म्हणजे कोंबड्यांना पहाटे मिळते, असे मला कुणीतरी शिकवले होते. आता विचार करा, जिला अंधारात दिसतच नाही ती रात्री खाणार कशी? रात्रीचा दाणा कोंबडीसाठी नसतोच. आता सूर्य मावळायच्या आत परात उचलते, खाली सांडलेले झाडून घेते आणि अंडीही संध्याकाळीच गोळा करते. पोते आणले की झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ओतते. आधी प्लॅस्टिकचा पिंप आणला होता, त्याला तिसऱ्या रात्री भोक पडले.

दुसरी गोष्ट जाळी. बाजारात कोंबडीजाळी म्हणून मिळते ती कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, उंदराला बाहेर ठेवायला नाही. इंचभर भोकातून उंदराची तरणी पोरे आरामात येतात आणि मोठा उंदीर ती पातळ तार कुरतडतो. अर्ध्या इंचाची, चौकोनी, वेल्डिंगची जाळी लागते. ती जमिनीपाशी संपवून चालत नाही. फूटभर खाली गाडून बाहेरच्या अंगाला वळवायची. घूस भिंतीला चिकटून उकरायला लागते, जाळी आडवी आली की तिला दोन हात मागे सरकून उकरायचे सुचत नाही. दाराखालची फट हा सगळ्यांत विसरला जाणारा भाग. आमच्या दाराखाली दोन बोटे फट होती, तिथे पत्र्याची पट्टी मारली. पिटुकले घरउंदीर अजूनही कधी आत येतात, त्यांचा समाचार कोंबड्या घेतात.

सरपण, नारळाची सोडणे (साले), चुडते (झावळ्या) हे सगळे खुराड्यापासून लांब हलवले. नवे खुराडे बांधणाऱ्याला मी सांगेन, ते खांबांवर दोन फूट उचला. खाली उजेड राहिला की बीळ करायला उंदीर कचरतो आणि केलेच तर दिसते.

हे झाल्यावर पिंजऱ्यांचा उपयोग होऊ लागला, आधी होत नव्हता. परात भरलेली असताना सुक्या बांगड्याच्या तुकड्यासाठी पिंजऱ्यात कोण जाईल? पिंजरा भिंतीला लागून ठेवायचा, कारण उंदीर भिंत धरून चालतो, आणि पहिले तीन दिवस दार बांधून नुसते खाऊ द्यायचे. महिन्यात सतरा उंदीर आणि तीन घुशी मिळाल्या. (पकडलेले उंदीर ओढ्यापलीकडच्या वाडीत सोडून यायची प्रथा आमच्याकडे आहे. त्या वाडीचे लोक त्यांचे आमच्याकडे सोडतात.) गेल्या हिवाळ्यापासून पोते तेहतीस-चौतीस दिवस जाते.

धामणीबद्दलही लिहायला हवे. परसात धामण दिसली की काठी घेऊन धावतात. ती अंडे किंवा पिल्लू कधी उचलते, हे खोटे नाही. पण बिळात शिरून उंदराची अख्खी वीण संपवणारी तीच. तिला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षणही आहे. अर्ध्या इंचाच्या जाळीतून मोठी धामण आत येत नाही, तेव्हा भांडण आपोआप मिटते. उलट खुराड्याभोवती उंदीर वाढले की मागोमाग नाग येतो. त्यापेक्षा धामण परवडली.

शिवाय लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार आहे. कोकणात लावणीच्या दिवसांत त्यापासून बचावाच्या गोळ्या वाटतात, शेतात अनवाणी जाऊ नका म्हणून सांगतात. उंदराच्या लघवीतून तो पसरतो हे आता गावात पोरासोरांना ठाऊक आहे. तरीही पावसाळ्यात खुराडे धुताना बायका अनवाणी असतात, हातापायाला भेगा असतात आणि पाणी कुठून वाहत आले याचा कुणी विचार करत नाही. गमबूट घालून खुराडे धुणारी मी वाडीत पहिली. हसतात, हसू देत.

मुंबईत महानगरपालिका रात्री काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारणारे कामगार नेमते. आमच्या ग्रामपंचायतीने तसे नेमावेत असे माझे म्हणणे नाही. पण कापणीनंतरच्या पंधरवड्यात अख्ख्या वाडीने एकाच वेळी दाणा आवरला, बिळे बुजवली, पिंजरे लावले तर उपयोग. एकट्या घराने केले तर उंदीर शेजारी जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. ग्रामसभेत हा विषय मी दोनदा काढला. दोन्ही वेळा तो "इतर विषयां"त गेला आणि तिथेच राहिला.

पशुसंवर्धन विभागाला विनंती अशी की तलंगांच्या गटासोबत पाच-सहा मीटर अर्ध्या इंची जाळी आणि पत्र्याचा एक डबा अनुदानात धरावा. आणि आपल्याला विनंती की पुढच्या लेखात खर्चाचा तक्ता छापाल तेव्हा पिल्ले, खाद्य, लस यांच्याखाली या दोन गोष्टींचीही ओळ असू द्या. छायाचित्र काढायचे तर दुपारी काढा आणि संध्याकाळपर्यंत थांबलात तर निघताना ती परात तेवढी आत ठेवायला सांगा.

आपली,
एक कोंबडीपालक वाचक,
ता. लांजा, जि. रत्नागिरी