'बिग टाउन' कशी काय विसरलात?

संपादक साहेब,
जुन्या अमेरिकन क्राइम सिरियल्सवरचा लेख वाचला, मस्तच, पण त्यात 'बिग टाउन' नाही म्हणजे कमाल झाली! 1937 ला रेडिओवर आली तेव्हा एडवर्ड जी. रॉबिन्सन होता पेपरचा संपादक स्टीव्ह विल्सन, मग 1950 ला सीबीएस टीव्हीवर पॅट्रिक मॅकव्हे. हा संपादक केबिनमध्ये टिकतच नाही, रिपोर्टर लोरेलायला घेऊन थेट गँगवाल्यांच्या मागे (सेट पुठ्ठ्याचे वाटतात, ते सोडा). आणि खरी गंमत अशी की मार्च 1951 मध्ये अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर कमिटीची संघटित गुन्हेगारीवरची चौकशी टीव्हीवर लाइव्ह चालू होती, माफिया बॉस फ्रँक कॉस्टेलो चेहरा दाखवू देईना म्हणून कॅमेरा नुसता त्याच्या हातांवर, ती बोटांची चुळबुळ बघितल्यावर सिरियलमधला व्हिलन फिकाच वाटणार ना.

– एक वाचक, डोंबिवली