हेड उघडल्याशिवाय इंजिन बदलायला हो म्हणू नकोस

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर गाडी तापल्याचं सांगताना तू रडवेली झाली होतीस आणि मी आवाज चढवला. ते चुकलंच. त्या नादात महत्त्वाचं बोलायचं राहून गेलं. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे डॉक्टर अजून तीन आठवडे कऱ्हाडबाहेर पडू देणार नाहीत, नाहीतर एव्हाना मी पुण्याला पोचून तुझ्या गाडीशेजारी उभा असतो. म्हणून लिहितोय. गॅरेजवाल्याला होकार देण्याआधी हे सावकाश वाच.

त्याने तुला दोन आकडे सांगितले. हेड गॅस्केटचं काम ३५ हजार, जुनं इंजिन आणून बसवायचं ९० हजार, आणि संध्याकाळपर्यंत कळवा. ताई, हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तो खाली उतरल्याशिवाय यातला कुठलाच आकडा पक्का नसतो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये माझं आयुष्य इंजिनं खोलण्यात गेलं, तरी बंद बॉनेटसमोर उभं राहून मला हे सांगता आलं नसतं.

आधी एक विचारतो. खंबाटकीच्या चढाला तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला, तू बाजूला थांबलीस, कुणीतरी बाटलीतलं गार पाणी ओतून दिलं, मग काटा आपोआप खाली आला म्हणून तू पुन्हा निघालीस. इथपर्यंत तू सांगितलंस. त्यानंतर किती चालवलीस? घाटमाथ्यापर्यंत, की थेट सुरूर फाट्यापर्यंत? मी रागावणार नाही, शब्द देतो. पण इंजिन वाचलंय की नाही हे बरंचसं त्या किलोमीटरवर आहे. काटा ज्या सेन्सरवर चालतो, तो पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पाणी उडून गेलं की त्याच्याभोवती नुसती हवा नाहीतर वाफ उरते आणि काटा खाली येऊ शकतो. इंजिन गार झालं असं आपल्याला वाटतं, आणि नेमकं तेव्हाच ते सगळ्यात जास्त तापलेलं असतं. हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. गाडी शिकवली, टायर बदलायला शिकवलं, हे राहिलं.

आता गॅस्केटचं. खाली लोखंडी ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, मध्ये ते पातळ पान. एका बाजूला सिलिंडरमधला जाळ, शेजारच्या भोकातून कूलंट, तिसऱ्यातून ऑईल, आणि तिन्ही एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, एवढं काम ते एकटं करतं. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. इंजिन मर्यादेबाहेर तापलं की बोल्टने आवळलेल्या हेडला फुगायला जागा मिळत नाही, ते वाकतं, आणि पान जळतं. म्हणजे जळलेलं गॅस्केट हा परिणाम झाला. कारण दुसरीकडेच असतं: चोक झालेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, बंद पडलेला फॅन, गळका होज. तू वर्षभर कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरत होतीस, तेव्हा माझा पहिला संशय रेडिएटरवर. कारण न शोधता घातलेलं नवं गॅस्केटही जळणारच.

गॅरेजवाल्याला सांग, फक्त हेड उतरवायची मजुरी देते, पुढचं बघून ठरवू. उतरलेलं हेड मशीनशॉपला जाऊ दे. तिथे त्यावर सरळ पट्टी उभी-आडवी-तिरकी धरून खाली फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, सरकवतात. बऱ्याच हेडांना ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच वाक चालतो, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी. जास्त असेल तर फेसिंग करतात, म्हणजे घासून सपाट करतात, पण कंपनीने ठरवलेल्या जाडीच्या खाली जाता येत नाही. तडा आहे का, हे प्रेशर टेस्टशिवाय कळत नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणी गेलंय, म्हणून ही टेस्ट चुकवू नकोस. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. हेड कमानीसारखं वाकलं असेल तर खालचा भाग घासून सरळ होतो, पण वर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ज्या खाचांत फिरते त्या वाकड्याच राहतात. कॅम हाताने मोकळी फिरते का, हे तुझ्या डोळ्यांदेखत बघायला सांग.

माझ्या निर्णयाचं उत्तर मात्र इंजिनाच्या खालच्या भागात आहे. डिपस्टिकवर ऑईल दुधाळ चहासारखं दिसत होतं असं तू म्हणालीस. (नुसत्या ऑईल भरायच्या झाकणाखाली साय दिसली असती तर मी एवढा घाबरलो नसतो, पावसाळ्यात ती दमटपणानेही येते.) पाणी मिसळलेलं ऑईल बेअरिंगला सांभाळत नाही. म्हणून चेंबर (तळाची ऑईलची टाकी) उतरवून दोन-तीन कनेक्टिंग रॉडच्या कॅप उघडायला लाव. बेअरिंग एकसारखं राखाडी असेल तर ठीक. तांबूस दिसायला लागलं असेल, किंवा क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर) नख अडकण्याइतपत ओरखडे असतील, तर नुसत्या गॅस्केटवर एक रुपया घालू नकोस.

हे इतकं बजावतोय त्याला कारण आहे. एसटीत लागण्याआधी, एकोणिसाव्या वर्षी, मी एका गॅरेजवर होतो. डेअरीला दूध पोचवणाऱ्या एका माणसाची जीप आली. मी दुपारभरात गॅस्केट बदलून दिलं. पट्टी लावली नाही, जुनेच बोल्ट वापरले, खालचं काही उघडलं नाही. तीन आठवड्यांनी जीप ओढून परत आली, क्रँक सीझ, म्हणजे जाम. त्या माणसाला दोनदा खर्च पडला आणि वर आठ दिवस भाड्याचा टेम्पो. तेव्हापासून हेडचे बोल्ट मी नवेच घालतो, आणि ते मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, कंपनीच्या क्रमाने, टॉर्क रिंचनेच आवळतो. आजच्या बऱ्याच इंजिनांचे बोल्ट आवळताना कायमचे ताणले जातात, दुसऱ्यांदा त्यांची पकड बसत नाही.

जुन्या इंजिनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ते कुणाच्या गाडीतून निघालं, किती चाललं, कधी तापलं होतं, काहीच माहीत नाही. तुझं इंजिन १ लाख ३० हजार किलोमीटर चाललंय, त्याचा प्रत्येक ऑईल बदल माझ्या वहीत आहे. शिवाय दुसरं इंजिन म्हणजे दुसरा नंबर. तो आरटीओत जाऊन आरसीवर चढवायचा, विम्याला कळवायचं, आणि विकणाऱ्याकडे कागद नसतील तर ते इंजिन चोरीच्या गाडीचंही असू शकतं. गाडी २०१३ ची, २०२८ ला पंधरा वर्षं भरतील, मग पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर. तेवढ्या काळासाठी ९० हजार मला पटत नाहीत.

तेव्हा असं कर. हेड सुधारण्यासारखं आणि बेअरिंग चांगली निघाली, तर गॅस्केट, नवे बोल्ट, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटरची सफाई, सगळं एकदमच करून घे. ३५ चे ४५ झाले तरी चालेल. बेअरिंग गेली असतील आणि क्रँक ग्राइंडिंगला येण्यासारखी असेल, तर आपल्याच इंजिनाचं हाफ इंजिन काम, म्हणजे खालच्या भागाची दुरुस्ती, करू, त्यातला निम्मा खर्च माझा. नाही म्हणू नकोस. ब्लॉकलाच तडा निघाला, तरच दुसऱ्या इंजिनाचं बोलू, आणि तेही कॉम्प्रेशन मोजून दाखवणाऱ्याकडूनच.

आई म्हणते, गाडी होईपर्यंत एसटीने ये, पण या रविवारी ये. येताना काढलेलं गॅस्केट कागदात गुंडाळून आण, गॅरेजवाल्याला टाकू देऊ नकोस. कुठल्या सिलिंडरपाशी जळलंय ते मला बघायचंय.

तुझे
बाबा