पिल्लाला लस मिळाली, पिल्लू धरणाऱ्याचे काय? : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

गेल्या २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनाच्या कार्यक्रमात, आपल्या हस्ते एका पिल्लाला लस टोचतानाचे छायाचित्र काढले गेले, ते आपल्याला आठवत असेल. आपल्या दालनात ते चौकट करून लावले आहे, असे ऐकतो. त्या छायाचित्रात आपल्या डाव्या बाजूला एक सडपातळ तरुण पिल्लू धरून उभा आहे. पिल्लू घाबरून हिसके देत होते, काही केल्या स्थिर होईना, तेव्हा त्या तरुणाने अंगठ्याने त्याच्या कानामागे हळूहळू चोळून त्याला शांत केले, मग आपण हसलात आणि फोटो निघाला. गेल्या मंगळवारी त्याच तरुणाच्या त्याच अंगठ्याच्या बुडाशी एका कुत्र्याने कडकडून चावा घेतला. पिल्लाला त्या दिवशी लस मिळाली होती. पिल्लू धरणाऱ्याला मंगळवारपर्यंत मिळालेली नव्हती.

त्याच व्यासपीठावरून आपण जाहीर केले होते की, प्राणी नियंत्रणाच्या कामावरील प्रत्येक माणसाला, मग तो कायम असो वा कंत्राटी, चाव्याची वाट न पाहता एका महिन्याच्या आत रेबीजची प्रतिबंधक लस दिली जाईल. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. पथकाचा वरिष्ठ अधिकारी म्हणून मला पहिल्या रांगेत बसवले होते आणि २३ वर्षांच्या नोकरीत आमचा विषय एखाद्या मंत्र्याच्या तोंडून प्रथमच निघत होता, त्यामुळे माझा त्यावर विश्वासही बसला. हा माझा दोष मी आरंभीच कबूल करतो.

मंगळवारी काय घडले ते थोडक्यात सांगतो. एका शाळेच्या कुंपणालगत एक कुत्रा सकाळपासून दिसेल त्याच्या अंगावर जात असल्याची तक्रार आली. आम्ही पोहोचलो तेव्हा तो उभ्या असलेल्या एका गाडीखाली शिरलेला होता. जाळे टाकले, तो त्यात अडकला, आणि जाळ्याचे तोंड आवळत असताना त्याने जाळीच्या भोकातून दात बाहेर काढून हात पकडला. आमच्या तरुणाने तरीही जाळे सोडले नाही, कारण पाठीमागे फाटकाशी मुले उभी होती. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची, हा आमच्या कामातला पहिला नियम, आणि त्यासाठी गाडीत पाण्याची टाकी आणि दोरीने बांधलेली साबणाची वडी असते. वडी होती. टाकी कोरडी होती, कारण ती भरण्याच्या कामाची मंजुरी गेले तीन आठवडे कोणाच्या तरी टेबलावर आहे. शाळेच्या नळाखाली मी त्याचे मनगट धरून घड्याळाकडे पाहत उभा राहिलो. जखमेत साबण झोंबत असताना पंधरा मिनिटे किती लांबतात, हे ज्याने ती उभ्याने मोजली त्यालाच कळते. त्याने दोनदा विचारले, ‘साहेब, झाली का?’ दोन्ही वेळा मी नाही म्हणालो.

सरकारी रुग्णालयात लस होती, इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडे, नव्हते. कातडी फाटून रक्त आलेला चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत मोडतो आणि त्या श्रेणीत लसीबरोबरच जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन भरावे लागते, कारण लसीने शरीरात प्रतिकारशक्ती उभी राहायला काही दिवस लागतात आणि तोवर विषाणूला अडवणारे दुसरे कोणी नसते. त्यातून हाताचा चावा, जिथे मज्जातंतूंचे जाळे दाट असते. ‘साठा आल्यावर कळवू’ असे उत्तर मिळाले. शेवटी शुक्रवारी ते बाहेरून विकत आणले, आणि त्यासाठी पथकातल्या माणसांनी आपसांत वर्गणी काढली. कंत्राटदाराने आपला संबंध नसल्याचे सांगितले. कार्यालयाने सांगितले की संबंधित इसम आमच्या आस्थापनेवर नाही. म्हणजे गणवेश आमचा, गाडी आमची, हुकूम माझा, आणि चावा मात्र त्याचा खासगी.

आता यातला खरा संताप कुठे आहे, तो ऐकावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीप्रमाणे अशी पूर्वप्रतिबंधक लस देण्यासाठी माणसाला फक्त दोनदा दवाखान्यात जावे लागते, पहिल्या दिवशी आणि त्यानंतर सात दिवसांनी. ज्याने ती घेतली आहे त्याला पुढे चावा झालाच, तर इम्युनोग्लोब्युलिन लागतच नाही. लसीचे दोन डोस, त्या दिवशी एक आणि त्यानंतर तीन दिवसांनी दुसरा, पुरतात. आपण शब्द दिला होता एका महिन्याचा, शास्त्र मागत होते एक आठवडा, आणि सरकारने घेतले ते अजून संपलेले नाही.

या काळात मी आपल्या विभागाला अकरा पत्रे लिहिली. दुसऱ्या पत्राच्या उत्तरात कळले की ही योजना कायम कर्मचाऱ्यांपुरती आहे. आमच्या पथकातले कायम कर्मचारी म्हणजे मी आणि वाहनचालक. जाळे टाकणारे सहाच्या सहा कंत्राटी. पाचव्या पत्राच्या उत्तरात कळले की कंत्राटी माणसांना ‘आवश्यक ती सुरक्षा साधने’ पुरवण्याची जबाबदारी करारानुसार कंत्राटदाराची आहे, आणि कंत्राटदाराकडून कळले की हातमोजा हे साधन आहे, लस हे साधन नव्हे. सातवे पत्र मात्र संस्मरणीय ठरले. ते आपल्या कार्यालयातून निघून चार टेबले फिरून दोन महिन्यांनी माझ्याच टेबलावर आले, ‘अभिप्रायासाठी’ असा शेरा मारून. मी माझ्या पत्रावर माझा अभिप्राय अनुकूल दिला. त्यानंतर त्याचे काय झाले, हे मला ठाऊक नाही.

असे असता, गेल्या महिन्यात आपण सभागृहात सांगितले की अधिकारी मनावर घेत नाहीत म्हणून रस्त्यांवर कुत्री दिसतात, आणि तीस दिवसांत रस्ते मोकळे करण्याचा आदेश देण्यात आला आहे. आपल्या भाषणात एक आकडाही होता : एका मादीपासून सहा वर्षांत ६७ हजार कुत्री निर्माण होतात. हा आकडा कित्येक वर्षे पत्रकांवर छापून येतो आणि कागदावर गुणाकार केला तर तो येतोही, फक्त त्यासाठी प्रत्येक पिल्लू जगावे लागते. रस्त्यावरची बहुतेक पिल्ले वर्षाची होण्याआधीच मरतात, महोदय. ती उचलण्याचे कामही आमच्याकडेच असते, म्हणून मला ठाऊक आहे.

आदेशाबरोबर परिपत्रक आले : प्रत्येक गाडीने रोज चाळीस कुत्री पकडावीत. आमच्याकडे गाडी एक, नसबंदीची शस्त्रक्रिया करणारे पशुवैद्य दोन आणि पिंजरे चोवीस. शस्त्रक्रिया झालेली मादी लगेच रस्त्यावर सोडता येत नाही, टाके सुकेपर्यंत तिला ठेवावे लागते, म्हणजे पहिल्या दिवशी दुपारी पिंजरे भरतात आणि सोळा कुत्री उरतात. ती कुठे ठेवावीत, याविषयी परिपत्रक मौन पाळते. आपल्या दालनाबाहेर मोठा व्हरांडा आहे, असे मी कार्यक्रमाच्या वेळी पाहिले होते.

आणि पकडून दूर नेऊन सोडावीत, तर रिकाम्या झालेल्या जागेत शेजारची कुत्री शिरतात. ती नवी असतात, लस न दिलेली असतात आणि हद्दीसाठी भांडतात, त्यामुळे चावे वाढतात. रेबीज थांबतो तो एखाद्या भागातल्या निदान सत्तर टक्के कुत्र्यांना लस दिल्यावर, आणि तीही दरवर्षी, कारण जुनी मरतात आणि नवी जन्मतात. हे मी माझ्या डोक्यातून काढलेले नाही. जगातली जबाबदार माणसे २०१५ मध्ये जिनिव्हात एकत्र बसली आणि २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारे रेबीजचे मानवी मृत्यू शून्यावर आणायचे, असे त्यांनी ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने या रोगाने वर्षाला सुमारे ५९ हजार माणसे मरतात आणि त्यातली चाळीस टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात. म्हणजे दर नऊ मिनिटांना एक मृत्यू. हा भागाकार मी गाडीत बसून आपल्या परिपत्रकाच्या पाठीवर केला आहे. चुकला असल्यास आपल्या सांख्यिकी विभागाने दुरुस्त करावा, तेवढेच त्यांचेही आमच्याकडे लक्ष जाईल.

त्या ५९ हजारांपैकी एक मी पाहिला आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी, चावलेल्या कुत्र्याचा माग काढण्यासाठी मी एका मुलाच्या वडिलांची जबानी घ्यायला रुग्णालयात गेलो होतो. मुलाने ओरखडा घरी लपवला होता, कारण त्या कुत्र्याला दगड मारला म्हणून रागावतील, अशी त्याला भीती होती. तो पूर्ण शुद्धीवर होता. पाण्याचे नाव काढले की घसा आवळायचा, हे मी पुस्तकात वाचले होते, पण तो सारखा एकच सांगत होता, ‘पंखा बंद करा.’ वाऱ्याची झुळूक चेहऱ्यावर आली तरी त्याला झटके येत होते. आजही घरी कोणी सहज पंखा बंद केला की मी खोलीबाहेर जातो. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की औषध जवळजवळ नाहीच, आणि लक्षणे दिसण्यापूर्वीची लस मात्र १८८५ पासून आहे.

माझ्याविषयी लिहायचे नाही, असे ठरवून बसलो होतो, पण आता लेखणी तिकडे वळलीच आहे. माझ्या डाव्या हाताची करंगळी वळत नाही. दाताने तिची शीर तुटली, त्याला बारा वर्षे झाली. संशयित कुत्र्याचे डोके तपासणीसाठी कापून, बर्फाच्या पेटीत मांडीवर घेऊन, सरकारी वाहन न मिळाल्याने मी सार्वजनिक बसने प्रयोगशाळेत नेले आहे, आणि शेजारच्या प्रवाशाने पेटीत काय आहे असे विचारल्यावर ‘नमुने’ म्हणालो आहे. ज्यांना वाचवता आले नाही अशा जनावरांना शेवटचे इंजेक्शन देताना त्यांचे डोके मी माझ्या हातात धरतो, कारण कोणीतरी धरावे लागते. एका बाजूचे नागरिक मला खाटीक म्हणतात आणि गाडीपुढे आडवे पडतात, दुसऱ्या बाजूचे मला कामचुकार म्हणतात आणि रात्री दोन वाजता दूरध्वनी करून आईवरून शिव्या देतात, आणि गंमत अशी की दोन्ही बाजूंच्या तक्रारींची चौकशी माझ्यावरच लागते. मुलीने शाळेच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे नुसते ‘अधिकारी’ लिहिले होते. मी तिला पुढचे शब्द लिहायला सांगितले नाही.

आणि ज्या यंत्रणेसाठी हे सर्व, ती मोजते काय? गाडी जागेवर पोहोचली की तक्रार ‘निवारण झाले’ म्हणून बंद होते, कुत्रा सापडो वा न सापडो. किती कुत्र्यांना लस दिली, त्यातली किती अजून जिवंत आहेत, याचा रकानाच तक्त्यात नाही. पकडलेल्यांचा आहे, कारण तोच सभागृहात वाचून दाखवता येतो. कुत्री जिथे वाढतात तो कचरा उचलणे दुसऱ्या विभागाकडे, जखमी माणसे तिसऱ्याकडे, पाळीव कुत्र्यांचे परवाने चौथ्याकडे. या चार विभागांची एकत्र बैठक माझ्या २३ वर्षांत दोनदा झाली आणि दोन्ही वेळा तारीख पुढे ढकलण्यावर एकमत झाले. माझ्या हाताखालून तीसेक हजार जनावरे गेली असावीत. नेमका आकडा देता येत नाही, कारण नोंदवह्या गळक्या खोलीत ठेवल्या होत्या आणि छताची दुरुस्ती पाचव्या विभागाकडे आहे.

मागणे फार नाही. या सहा जणांना, आणि इतरत्र असे काम करणाऱ्या सर्वांना, आस्थापनेचा प्रश्न न काढता ती लस द्यावी, चाव्याच्या उपचाराचा खर्च जो हुकूम देतो त्या कार्यालयाने करावा, आणि चाळीसचा आकडा मागे घ्यावा. पाण्याच्या टाकीचे मी पाहतो. उद्यापासून घरून कॅन आणणार आहे.

तो कुत्रा आमच्याकडे अलगीकरणाच्या पिंजऱ्यात आहे. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू असेल, तर या मुदतीत तो आजारी पडतो किंवा मरतो. त्याच्यासाठी छापील तक्ता आहे : खाणे, पाणी, चाल, आवाज, दिवसातून दोनदा, सहीनिशी. हाताला पट्टी बांधलेला आमचा तरुण सुट्टीवर असूनही रोज सकाळी सातला येऊन पिंजऱ्यापासून चार हातांवर उभा राहतो. आज सहावा दिवस. कुत्रा बराच वेळ भांड्याकडे नुसता पाहत होता. मग उठला, जिभेने लपलप पाणी प्यायला आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसला. ‘साहेब, प्यायला,’ असे तो तरुण म्हणाला, आणि मी तक्त्यात तसे लिहून सही केली.

आपला विश्वासू,
वरिष्ठ प्राणी नियंत्रण अधिकारी
(छायाचित्रात नसलेला)